पदनाम, माणसांची संख्या आणि न्यायाची वाट

(सार्वजनिक संस्थांत नोकरी करणाऱ्या बंधुभगिनींच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपणांसमोर जो विषय मांडावयाचा आहे तो वरकरणी रुक्ष वाटेल. एखाद्या खात्यात किती माणसे असावीत आणि त्यांतील कोणाचे काम कोणत्या श्रेणीत धरावे, एवढाच तो प्रश्न आहे. कचेरीच्या भाषेत पहिल्याला आकृतिबंध म्हणतात, दुसऱ्याला पदनाम व वेतनश्रेणी. परंतु आपल्या किती घरांतील चूल या दोन शब्दांवर पेटते, याचा विचार करा. दहा माणसांच्या कामावर सहाच नेमली, तर चौघांचे ओझे त्या सहांच्या पाठीवर येते. आणि कायम कामगाराचेच काम करणाऱ्याला निराळे नाव दिले, तर काम तेच राहते, पगार मात्र कमी होतो.

निराळे नाव देऊन माणसाची किंमत कमी करणे, ही युक्ती आपल्याला नवी आहे काय? जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. त्या विभागणीत एकावर एक पायऱ्या रचलेल्या असतात आणि प्रत्येक पायरीवरचा मनुष्य खालच्याकडे पाहून समाधान मानतो. गावकुसाबाहेरची ती पायरी आपण नाकारली आहे. ती कचेरीच्या दारातून पुन्हा आत येत असेल, तर तिला ओळखणे हे आपले कर्तव्य आहे.

आता मी आपणांस एक खरी हकीकत सांगतो. मुंबई शहराचा कचरा उचलण्यासाठी तेथील महानगरपालिकेने कायम कामगारांबरोबरच कंत्राटदारांमार्फत हजारो माणसे राबविली. ती बहुसंख्येने आपल्याच दलित समाजातील होती. गाडी तीच, कचरा तोच, दुर्गंधीही तीच. पण हजेरी निराळी आणि पगार निराळा. वीस किंवा अधिक मजूर असले की कंत्राटी कामगारांविषयीचा १९७० चा कायदा लागू होत असे. म्हणून वीसहून कमी माणसांच्या लहान लहान तुकड्या पाडून कामे देण्यात आली. पुढे तर त्यांना कामगारही म्हणेनात. संस्थांमार्फत नेमून त्यांना ‘स्वयंसेवक’ असे नाव देण्यात आले! पहाटेपासून शहराची घाण उपसणारा मनुष्य स्वयंसेवक म्हणे, आणि त्याला मिळते ते वेतन नव्हे, मानधन! बंधूंनो, एका शब्दाने मालक नाहीसा झाला, सुटी नाहीशी झाली, आणि आजारपणात दाद मागण्याची जागाही नाहीशी झाली.

या कामगारांची संघटना, कचरा वाहतूक श्रमिक संघ, १९९७ साली उभी राहिली. तिने काय केले? मोर्चे काढले, निदर्शने केली, हे तर खरेच. परंतु तिने वाद कायद्याच्या वाटेने औद्योगिक न्यायाधिकरणापुढे नेला आणि तेथे एकच गोष्ट पुराव्यानिशी मांडली. काम कोण देतो? देखरेख कोण ठेवतो? हे काम तात्पुरते आहे की शहर असेपर्यंत चालणारे आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळताच कंत्राटाचा बुरखा गळून पडला. ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यायाधिकरणाने ती कंत्राटे निव्वळ देखाव्याची ठरविली आणि सुमारे २७०० कामगारांना कायम मानण्याचा निवाडा दिला. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही महानगरपालिकेची हरकत फेटाळली.

वीस वर्षे! एवढा काळ लढा टिकविणे सोपे नव्हे. आणि जिंकल्यावरही गोष्ट संपली नाही. निवाड्याच्या यादीतील नाव आणि कामगाराच्या इतर कागदांवरील नाव यांत अक्षरांचा फरक निघाला. एकाच माणसाचे नाव कोठे एका तऱ्हेने लिहिलेले, कोठे दुसऱ्या. तेवढ्यावरून कित्येकांची नेमणूक अडून बसली. सर्वोच्च न्यायालयात जिंकलेला मनुष्य कारकुनाच्या टेबलापुढे हरला. यासारखी दुःखाची गोष्ट कोणती?

या हकीकतीतून मी आपणांस तीन गोष्टी सांगू इच्छितो.

पहिली गोष्ट अशी की, श्रेणीचा वाद कामाच्या वर्णनाने सुटतो, पदनामाने नव्हे. २६ ऑक्टोबर २०१६ रोजी पंजाब राज्य विरुद्ध जगजीत सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कायम कर्मचाऱ्याचेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यास त्या वेतनश्रेणीतील किमान वेतन मिळाले पाहिजे. समान कामास समान वेतन हे तत्त्व आपल्या संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदात आहेच. परंतु त्याच निकालात हेही सांगितले आहे की, काम समान आहे हे सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावर आहे. “आम्ही तेवढेच राबतो” असे म्हणून भागत नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या चौकीवर, कोणाच्या हुकमाने, कोणते काम केले, हे दाखवावे लागते. म्हणून रोज दोन ओळी वहीत लिहा. आपणांस लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहवून घ्या. त्याच्या शिक्षणाचा तोही एक उपयोग आहे.

दुसरी गोष्ट माणसांच्या संख्येविषयी. मंजूर पदे किती, भरलेली किती, रिकामी किती, आणि रिकाम्या पदांचे काम कोण करतो, हे चार आकडे ज्या संघटनेजवळ नाहीत तिची मागणी म्हणजे नुसती तक्रार होय. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्या हाती आहे. तो वापरून हे आकडे मागा. श्रेणी बदलावयाची किंवा माणसे कमी करावयाची झाल्यास मालकाने २१ दिवस आधी लेखी सूचना दिली पाहिजे, असा नियम १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली, तरी सूचनेचा हा नियम तिच्या ४० व्या कलमात राहिला आहे. शासकीय सेवानियमांखाली असलेल्या नोकरांची गोष्ट निराळी. त्यांनी आपले नियम पाहावेत. समेटाच्या बोलण्यांतून तोडगा न निघाल्यास, समेट अधिकाऱ्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत पक्षकाराला स्वतः न्यायाधिकरणाकडे जाता येते. पूर्वी त्यासाठी सरकारने वाद सोपविण्याची वाट पाहावी लागे. मुदत चुकली तर सत्यही दाराबाहेर राहते, हे ध्यानात ठेवा.

तिसरी गोष्ट नावाची. दीक्षेनंतर आपल्यापैकी काहींनी आडनाव बदलले आहे, काहींनी मुलांची नावे नव्याने ठेवली आहेत. हे उचितच आहे. परंतु बदललेले नाव राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या, आणि शाळेचा दाखला, हजेरीपट, बँकेचे पुस्तक, भविष्यनिर्वाह निधीचा कागद या सर्वांवर एकच नाव, एकाच अक्षरांत येईल असे पाहा. नव्या नावाचा अभिमान बाळगावयाचा, आणि त्याच नावाने आलेला हक्क कागदाअभावी गमवावयाचा, हे आपणांस शोभणार नाही.

कोणी म्हणेल, एवढे कागद जमविण्यापेक्षा एक दिवस काम बंद ठेवले की झाले. संपाचा हक्क मी कमी लेखत नाही. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत कामगारांचा जो संप झाला, तो संपाच्या हक्कावर बंधन घालणाऱ्या विधेयकाविरुद्धच होता, आणि बाबासाहेब त्यात अग्रभागी होते. पण तेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसविणाऱ्या त्रिपक्षीय परिषदा भरत होत्या. या दोहोंत विसंगती नाही. ज्याच्या हाती हक्क आहे त्याचेच म्हणणे टेबलाशी ऐकून घेतले जाते; आणि ज्याच्याजवळ पुरावा आहे त्याचेच म्हणणे टेबलाशी टिकते.

शेवटी एक कटू गोष्ट बोलतो. राग मानू नये. आपल्यापैकी जे कायम झाले आहेत, ते शेजारी राबणाऱ्या कंत्राटी बंधूला काय समजतात? त्याच्या पगाराचा प्रश्न निघाला म्हणजे “तो आमच्या मस्टरवर नाही” असे म्हणून आपण तोंड फिरवितो की नाही? आपण तोंड फिरविले, तर पायऱ्यांची ती जुनी रचना आपणच आपल्या हातांनी पुन्हा बांधीत आहोत. व्यवहाराच्या दृष्टीनेही यात शहाणपण नाही. आज ज्याला कमी पगारात राबविता येते, त्याच्याच जोरावर उद्या आपली रिकामी झालेली जागा भरली जात नाही. त्याची श्रेणी वाढणे यातच आपल्या जागेची शाश्वती आहे.

म्हणून घरी गेल्यावर आज रात्रीच आपल्या कागदांची पिशवी उघडा. नाव तपासा. उद्यापासून वही घाला. आणि आपली वही लिहून झाली म्हणजे शेजारच्या कंत्राटी कामगारालाही एक वही घेऊन द्या.

जयभीम.