डॉक्टर व्हायचंय? मग परवान्याचं बोलू



अकोला-अमरावतीकडच्या घरांतून हल्ली मुलं, आणि आता मुलीही, डॉक्टर व्हायला किर्गिझस्तानला, रशियाला जातात. कुणाचं शेत गहाण पडतं, कुणाच्या अम्मीचे दागिने. निघतानाच गळ्यात हार पडतात आणि मोहल्ला त्याच दिवसापासून ‘डॉक्टरसाब’ म्हणू लागतो. परवाना अजून सहा-सात वर्षं लांब असतो.

परदेशात शिकून आलेल्यांना इथे एफएमजीई द्यावी लागते. २००२ पासून ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. ३०० प्रश्न, १५० बरोबर आले की पास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, जागांची मर्यादा नाही. तरी अलीकडे बहुतेक वेळा दहापैकी दोन-तीनच पास होतात.

मग कुजबुज सुरू होते, ‘आपल्या पोरांना मुद्दाम पाडतात.’ मला हे पटत नाही. उत्तरं संगणक तपासतो. त्याला आरिफही कळत नाही आणि अनिलही. पक्षपात कुठेच नसतो असं मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये जनरल प्रॅक्टिसचं प्रशिक्षण घेणाऱ्यांना सीएसए नावाची परीक्षा होती. नट रुग्ण बनून समोर येत, परीक्षक बघून गुण देत. परदेशात शिकलेले आणि तिथलेच आशियाई, कृष्णवर्णीय डॉक्टर त्यात गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त नापास होत. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची ‘बापिओ’ ही संघटना आकडे घेऊन लंडनच्या उच्च न्यायालयात गेली. २०१४ मध्ये न्यायालयाने परीक्षा कायदेशीर ठरवली, पण हा फरक दूर करायची वेळ आली आहे, असंही बजावलं. तक्रार करायची तर अशी, आकडे हातात घेऊन.

आपलं दुखणं वेगळं आहे. नीट उर्दूत देता येते, एफएमजीई इंग्रजीतच. तिकडच्या वॉर्डातला रुग्ण रशियन बोलतो, म्हणून पोरगा त्याच्याजवळ जातच नाही. मग परत येऊन सहा महिने क्लास लावायचा! त्याने सहा वर्षं भरून निघत नाहीत.

२०२१ चा नियमही वाचा. किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम, तिथेच १२ महिने इंटर्नशिप, त्या देशातही प्रॅक्टिसला पात्र ठरेल अशी डिग्री, आणि इथे आल्यावर पुन्हा १२ महिने. पैसे भरण्याआधी हा कागद एजंटपुढे ठेवा आणि तो काय उत्तर देतो ते लिहून घ्या.

आता बोलायला जड जातं ते. काही नापास मुलं दुसऱ्याच्या पाटीखाली दवाखान्यात बसतात. नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपलाच पोरगा म्हणून आपण गप्प बसतो. पण बाकावर बसलेली खाला कुणाची? तिचा ताप डेंग्यूचा की टायफॉइडचा हे ओळखणं, तेच तर त्या ३०० प्रश्नांत विचारलेलं असतं.

त्या मुलांना टोमणे मारू नका. त्यांना अभ्यासाला जागा द्या, सोबत द्या. पास झालेल्यांनी रविवारचे दोन तास काढावेत. फार्माकॉलॉजी मी घेईन. बाकी विषयांसाठी नावं द्यायची असतील त्यांनी सभेनंतर थांबा.