स्थित्यंतरातही न मोडणारी फळी



संघटनेचा प्रमुख बदलतो, केंद्र हलते, कार्यपद्धती बदलते. अशा वेळी प्रत्येक कार्यकर्त्याच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो, 'आता आपले स्थान काय?' त्याचे उत्तर वेळेवर मिळाले नाही, तर चांगली माणसेही पांगतात. या दृष्टीने १६८९ ते १७०७ हा मराठ्यांच्या इतिहासातील कालखंड पुनःपुन्हा अभ्यासावा असा आहे.

मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने छत्रपती संभाजी महाराजांची हत्या केली. रायगडाला मोगली फौजेचा वेढा पडला. गादीवर खरा हक्क बाल शाहूंचा. परंतु ते अवघे सहा-सात वर्षांचे. महाराणी येसूबाईंनी पुत्राचा हक्क बाजूला ठेवून राजाराम महाराजांच्या पाठीशी उभे राहण्याचा निर्णय घेतला. एप्रिलमध्ये राजाराम महाराज गडाबाहेर पडले. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला आणि येसूबाई व शाहू कैद झाले. येसूबाईंची सुटका झाली ती १७१९ मध्ये! नेतृत्वाचा प्रश्न निःसंदिग्धपणे सुटला, कारण सर्वांत निकटच्या व्यक्तीने प्रथम स्वतःचा हक्क सोडला.

राजाराम महाराज दूर तमिळ प्रांतातील जिंजीला पोहोचले. प्रत्येक कामासाठी तेथून आज्ञा मागवणे अशक्यच होते. म्हणून रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकूमतपनाह' हा किताब देऊन महाराष्ट्राचा कारभार सोपवण्यात आला. शंकराजी नारायण त्यांच्या साहाय्याला होते. रणांगणावर संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव होते. जबाबदारीबरोबर अधिकारही मिळाला, म्हणूनच राजा शेकडो कोस दूर असताना ही फळी लढत राहिली. जिंजी घेण्यास मोगलांना सुमारे आठ वर्षे लागली.

या यशाची किंमतही मोजावी लागली. मोगल वतनांचे आमिष दाखवून सरदार फोडत होते. त्यांना राखण्यासाठी स्वराज्यालाही वतने द्यावी लागली. ती काळाची निकड होती. परंतु पुढे रामचंद्रपंतांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या 'आज्ञापत्रा'त वतनदारांविषयी जो कठोर इशारा आहे, तो या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर वाचावा. आमिषाने जोडलेला माणूस नव्या आमिषाची वाट पाहत राहतो.

दुसरी किंमत अधिक वेदनादायक होती. संताजी आणि धनाजी यांच्यातील वितुष्ट विकोपाला गेले. संताजींचे सेनापतिपद गेले आणि १६९७ मध्ये त्यांची हत्या झाली. ज्या सेनानीला मोगल रणांगणावर आवरू शकले नाहीत, तो घरच्या वैराला बळी पडला. दोन कर्तृत्ववान सहकाऱ्यांमधील अबोला 'आपोआप मिटेल' म्हणून सोडून देऊ नये, हा त्यातील धडा आहे.

तरीही फळी मोडली नाही. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज निवर्तले. महाराणी ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. १७०७ मध्ये अहमदनगर येथे औरंगजेबाने डोळे मिटले, तेव्हा मराठे लढतच होते.

आज कोठे शिक्षणसंस्थेत, कोठे सहकारी बँकेत, कोठे घरच्या व्यवसायात पिढी बदलते आहे. तेथील ज्येष्ठांनी स्वतःला विचारावे : पुढचा प्रमुख कोण, हे सर्वांना स्पष्ट ठाऊक आहे काय? दूरच्या कार्यकर्त्याला निर्णयाचा अधिकार दिला आहे काय? आणि आपल्यात कोण कोणाशी बोलेनासा झाला आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळताच, त्या दोघांना त्याच दिवशी समोरासमोर बसवावे.