काचेवर उरलेली नावे
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



रिकाम्या बाटल्यांवर भाषण म्हटल्यावर काहींना हसू येईल. परंतु अमेरिकेत सोडावॉटरच्या व खनिजजलाच्या जुन्या बाटल्यांचा संग्रह करणारे रसिक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या छंदातून आपणांस घेण्याजोगे काही आहे, असे आम्हांस वाटते.

न्यूयॉर्क राज्यातील साराटोगा येथे औषधी पाण्याचे झरे आहेत. एकोणिसाव्या शतकात तेथील ‘काँग्रेस’ झऱ्याचे पाणी जाड काचेच्या बाटल्यांत भरून दूरदूर जाई. ते पाणी केव्हाच संपले. परंतु काचेतच उठावाने उमटवलेले झऱ्याचे नाव आजही वाचता येते.

जाणकार संग्राहक बाटली प्रथम उलटी करून पाहतो. बुडाशी खरबरीत व्रण असेल, तर घडवताना ती लोखंडी सळईवर धरलेली होती. अशी बाटली बहुधा १८६० च्या आसपासची किंवा त्याआधीची असते. साच्याच्या सांध्याची रेघ मानेवरच थांबली, तर तोंड हाताने घडवलेले. ती काठापर्यंत गेली, तर बाटली बहुधा विसाव्या शतकातील, यंत्रावरची. बुचांचाही इतिहास आहे. चार्ल्स हचिन्सन यांनी १८७९ साली तारेच्या बुचाचे पेटंट घेतले; तार खाली दाबली की बाटली उघडे. १८९२ साली विल्यम पेंटर यांचे पत्र्याचे झाकण आले. आपल्या ओळखीची गोटी सोड्याची बाटली मात्र हायरम कॉड या इंग्रजाची, १८७२ सालची.

परंतु या छंदास दुसरी बाजूही आहे. पुष्कळ बाटल्या जुन्या उकिरड्यांत व शौचकूपांत सापडतात. खणणारा बाटली तेवढी उचलतो. सोबतच्या गुंड्या, खापऱ्या, हाडे विखुरतात. त्या घरी कोण राहत होते, काय खात होते, हे पुरातत्त्वज्ञांना त्यांवरूनच उमगते. म्हणून १९७९ सालच्या कायद्याने तेथील संघराज्याच्या जमिनीवरील शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय अवशेषांचे विनापरवाना उत्खनन निषिद्ध ठरवले. विचारी संग्राहकही वस्तू कोठे, कशासोबत मिळाली, याची नोंद ठेवतो.

सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्याही कपाटांतून चषक, छायाचित्रे, हस्तलिखिते बाहेर निघतील. चषकावर नाटकाचे नाव असेल. पण भूमिका कोणी केल्या, पडदा कोणी रंगवला, हे त्यावर नसेल. ते ठाऊक असलेली वडीलधारी मंडळी आज आपल्यात आहेत. त्यांना विचारून प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी लिहून ठेवावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.