पेशीचा कोरडा साठा



पेशीचं जवळजवळ प्रत्येक काम एटीपी नावाच्या रेणूवर चालतं, हे आपण शाळेत शिकलो. शाळेत सांगायचं राहून जातं ते असं की, साठवणुकीला हा रेणू अगदी कुचकामी आहे. अंगात कुठल्याही क्षणी तो शंभरेक ग्रॅमच्या पुढे नसतो. तोच पुन्हा पुन्हा मोडायचा आणि पुन्हा पुन्हा जोडायचा. दिवसाची ही उलाढाल मोजली तर ती जवळपास आपल्या वजनाइतकी भरते. मग एकादशीचा उपास निभावतो तो कशाच्या जोरावर?

पहिला साठा क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ साली यकृतातून वेगळा काढून दाखवला. तो म्हणजे ग्लायकोजेन, ग्लुकोजची फांद्या फुटलेली साखळी. यकृतात तो सुमारे १०० ग्रॅम असतो, स्नायूंत ४०० च्या आसपास. गरज पडली की झटकन सुटतो. पण यकृतातला साठा दिवसभराच्या उपासात बहुतेक आटोपतो. मग शरीर तो वाढवत का नाही? कारण ग्लायकोजेन पाणी धरून बसतं. एका ग्रॅममागे दोन ते तीन ग्रॅम पाणी. चरबीचं तसं नाही. तिला पाणी सोसतच नाही, आणि वर एका ग्रॅममध्ये ऊर्जा नऊ किलोकॅलरी, ग्लायकोजेनच्या दुपटीहून जास्त.

जरा हिशेब करू. साठ किलोंच्या माणसाच्या अंगात बारा किलो चरबी धरा. ती झाली एक लाख आठ हजार किलोकॅलरी. एवढीच ऊर्जा ग्लायकोजेनमध्ये ठेवायची म्हटली, तर पाण्यासकट किमान ऐंशी किलोंचं ओझं होईल. माणूस जाईल सव्वाशे किलोंच्या पुढे. जिना चढणं अवघड, मग उडायचं तर नावच नको!

आणि उडणारे आहेत. बार-टेल्ड गॉडविट नावाचा पाणथळीतला पक्षी अलास्कातून निघतो आणि थेट न्यूझीलंडला उतरतो. २००७ साली उपग्रहाच्या साहाय्याने अशा एका मादीचा माग काढला गेला. आठ दिवस, साडेअकरा हजार किलोमीटरांहून अधिक अंतर, वाटेत अन्न नाही, विसावा नाही. निघताना या पक्ष्याचं निम्म्याच्या आसपास वजन नुसत्या चरबीचं असतं. एवढी चरबी वाहायची म्हणून आतडी, यकृत, पोटाचा अन्न दळणारा भाग हे सगळे अवयव तो आधीच आक्रसून घेतो. वाटेत जेवायचंच नाही, तर स्वयंपाकघर कशाला वाहून न्यायचं?

ही चरबी राहते कशी, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखं आहे. मेदपेशीत तेलाचा एकच मोठा थेंब असतो. बाकी सगळा संसार, पेशीकेंद्रकासकट, कडेला दाबला गेलेला. थेंबाला प्रथिनांचं अस्तर असतं, ते तेलाला पाचक विकरांपासून राखतं. उपास लांबला, धावाधाव झाली, अॅड्रेनलिनचा सांगावा आला, की अस्तराची पकड सैलावते, विकरं आत शिरतात आणि मेदाम्लं रक्तात उतरतात.

इथे मात्र आपली एक अडचण आहे. मेंदूला मेदाम्लं फारशी चालत नाहीत, त्याला ग्लुकोज हवं. आणि मेदाम्लांपासून ग्लुकोज बनवणं प्राण्यांना जमत नाही. म्हणून लांबलेल्या उपासात यकृत कीटोन बनवून मेंदूची सोय लावतं, पण उरलेल्या ग्लुकोजसाठी स्नायूंतल्या प्रथिनांना हात घालावाच लागतो. वनस्पतींची ही अडचण नाही. १९५७ साली कॉर्नबर्ग आणि बीव्हर्स यांनी रुजणाऱ्या एरंडाच्या बियांत ग्लायऑक्झिलेट चक्र दाखवून दिलं. या चक्राच्या जोरावर बी अंधारात असताना तेलाची साखर करते, आणि त्या साखरेवर कोंब वर येतो. वक्ता एरंडाचं गुऱ्हाळ लावतोय असं तुम्हाला वाटत असेल, पण या एका कामात एरंड आपल्यापेक्षा खरोखरच हुशार आहे.

आता, आपल्या चरबीचा हा साठा खर्च झाला की जातो कुठे? घामावाटे, असं सर्रास सांगितलं जातं. पोटाला प्लास्टिक गुंडाळून पळणारे त्याच भरवशावर पळतात. रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी २०१४ साली ऑस्ट्रेलियात हाच प्रश्न डॉक्टरांना, आहारतज्ज्ञांना आणि व्यायामशाळेच्या प्रशिक्षकांना विचारला. बहुतेकांचं उत्तर होतं, चरबीची ऊर्जा होते. पण वस्तुमान असं नाहीसं होत नाही. दहा किलो चरबी पूर्ण जळायला एकोणतीस किलो ऑक्सिजन लागतो. त्या दहा किलोंपैकी ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकावाटे जातात, १.६ किलोंचं पाणी होतं. म्हणजे वजन उतरवणारा मुख्य अवयव फुप्फुस!

एवढं ऐकून घरी गेल्यावर जोरजोरात श्वास घेत बसू नका. मेदपेशीतली चरबी आधी सुटावी आणि जळावी लागते, त्याला चालणं आणि दोन घास कमी खाणं हेच उपाय. नुसत्या श्वासाने चक्कर येईल, वजन तेवढंच राहील.