मुलाचा प्रश्न आणि बापाचे उत्तर

(वर्षावासातील एका रविवारी घाटकोपर येथील विहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘साहित्यातील पिता-पुत्र’ हा विषय मी आपल्याकडून मुद्दाम मागून घेतला. ग्रंथांची चर्चा विद्वानांच्या सभेत शोभते, वस्तीतल्या विहारात तिचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याच्या घरी पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आहे, त्याने आपल्या मनाला विचारून पाहावे. घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंतच्या आपल्या वस्त्यांतून बाप पहाटेच्या लोकलने कामावर जातो आणि रात्री थकून परततो. दहा-बारा फुटांच्या एका खोलीत बापलेक शेजारी शेजारी निजतात. परंतु त्यांच्यात बोलणे होते ते फी, मार्क आणि ‘इतका वेळ कुठे होतास?’ एवढ्यापुरतेच. मिसरूड फुटलेल्या मुलाच्या मनात काय चालले आहे, हे बापाला ठाऊक नसते. आणि बापाने काय सोसले आहे, हे मुलाला ठाऊक नसते. हे अंतर कसे तुटेल, याचा विचार आपण आज करू.

प्रथम आपल्या धम्मसाहित्याकडे पाहू. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात सिगाल नावाचा एक तरुण पहाटे स्नान करून, ओलेत्याने, सहा दिशांना हात जोडीत असलेला भगवंतांना राजगृहाजवळ दिसतो. असे का करतोस, असे विचारताच तो सांगतो की, मरताना वडिलांनी तशी आज्ञा केली होती. त्या आज्ञेचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. भगवंतांनी त्याच्या पित्याची निंदा केली नाही. त्यांनी त्या आज्ञेला अर्थ दिला. आईवडील ही पूर्व दिशा होय, असे सांगून त्यांनी मुलाची कर्तव्ये सांगितली आणि त्याबरोबर आईवडिलांचीही पाच कर्तव्ये सांगितली : मुलाला पापापासून परावृत्त करणे, सत्कर्माला लावणे, एखादी विद्या वा कसब शिकविणे, योग्य विवाह करून देणे आणि योग्य वेळी वारसा त्याच्या हाती सोपविणे. बापावरही कर्तव्याचा भार आहे, हे या सुत्ताचे सार होय.

दुसरे उदाहरण बाबासाहेबांच्या स्वतःच्या बाळपणाचे आहे. सुभेदार रामजींनी मुलासाठी काय केले, हे आपण दर जयंतीला ऐकतो. परळच्या चाळीतील एकाच खोलीत ते रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग भीमरावांना अभ्यासाला उठवून स्वतः आडवे होत. पुस्तकासाठी पैसे नसले म्हणजे लग्न झालेल्या मुलींच्या दारी जात, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण टाकून पुस्तक आणीत आणि पेन्शनमधून ते सोडवीत. ही गोष्ट आपणां सर्वांना मुखोद्गत आहे.

परंतु ह्याच मुलाचा आपल्या वडिलांवर रागही होता, हे आपण सांगत नाही. आई वारल्यावर रामजींनी दुसरा विवाह केला, तो मुलाला रुचला नाही. आपल्या पायांवर उभे राहावे, पळून मुंबईला जावे आणि गिरणीत काम धरावे, असे त्याने ठरविले. गाडीभाड्यासाठी शेजारी निजलेल्या आत्याच्या कमरेची पिशवी काढण्याचा त्याने तीन रात्री प्रयत्न केला. चौथ्या रात्री ती हाती आली, तेव्हा तीत अवघा अर्धा आणा निघाला! तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि त्याने अभ्यासाला वाहून घेण्याचा निश्चय केला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः होऊन सांगितला आहे. आपला मुलगा रागावला, उलट बोलला, म्हणून तो हातचा गेला असे समजणाऱ्या बापांनी हा अर्धा आणा ध्यानात ठेवावा.

यापुढचा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी 1956 मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी तो सांगितला आहे. परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचून मुलाच्या मनात विचार आला की, वडिलांनी आपल्याला हे साहित्य का दाखविले नाही? ज्यांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता गायिली आहे, ते रामायण-महाभारतच आपल्याकडून का वाचून घेतले? त्याने ते वडिलांना सरळ विचारले. रामजींना प्रश्न आवडला नाही. तुम्ही मुले आहात, सांगितले तेवढे करा, असे म्हणून त्यांनी त्याला गप्प केले.

बंधूंनो, पुष्कळ घरांत गोष्ट येथेच संपते. या घरात ती संपली नाही. काही दिवसांनी मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. आणि या वेळी वडील उत्तराची तयारी करून बसले होते. आपण अस्पृश्य म्हणून मुलांच्या मनात न्यूनगंड येईल, तो येऊ नये. द्रोण, कर्ण, वाल्मीकी हे लहान स्थितीतून केवढे मोठे झाले, ते त्यांना दिसावे, असा आपला हेतू असल्याचे त्यांनी सांगितले. मुलाला त्या म्हणण्यात तथ्य दिसले, तरी त्याचे समाधान झाले नाही. आणि ते झाले नाही असे त्याने मोकळेपणाने लिहून ठेवले. मुलगा वयात येतो तो वडिलांचे उत्तर स्वतःच्या बुद्धीने पारखतो तेव्हा. आणि बापाचा मोठेपणा कशात? पहिल्या दिवशी रागावल्यानंतरही मुलाचा प्रश्न त्याने मनात जागा ठेवला, यात. पुढे 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला जे घडले, त्याचे एक बीज या दोन संभाषणांत आहे, असे मी मानतो.

आता आपल्या लेखकांकडे वळू. दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील बाप मुंबईच्या गोदीत राबतो आणि दारूच्या आहारी जातो. मुलाने ते लपविले नाही. परंतु त्या माणसाला तसे करणारे जिणेही त्याने लपविले नाही. शरणकुमार लिंबाळ्यांच्या ‘अक्करमाशी’त, 1984 साली, शाळेत बापाचे नाव काय लावावे हाच मुलापुढचा प्रश्न आहे, बाप गावचा पाटील आणि मुलगा गावकुसाबाहेरचा. उलट, नरेंद्र जाधवांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’ या 1993 च्या पुस्तकात मुलगा मुंबई पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त झालेल्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या वडिलांना आपली हकीकत लिहावयास लावतो. ह्या तिन्ही पुस्तकांतून मला एकच गोष्ट दिसते : ज्या मुलाला बापाच्या आयुष्याचा अर्थ कळतो, तो बापाला क्षमाही करू शकतो आणि त्याच्या पुढेही जाऊ शकतो.

माता-पित्यांनो, आपण नवदीक्षित आहोत. आपण देव्हारा उतरविला, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. आता कॉलेजात जाणारा मुलगा विचारतो, ‘मित्रांच्या घरी गणपती येतो, आपल्या घरी का नाही? आजोबांचा देव खोटा होता, तर आजोबा मूर्ख होते का? धर्म बदलला, तरी लोक जात विचारतातच. मग बदलून काय मिळाले?’ यावर आपण काय म्हणतो? ‘बाबासाहेबांनी सांगितले, तू कोण विचारणारा?’ असे म्हणून आपण त्याला दटावतो. बंधूंनो, हा तर रामजींचा पहिल्या दिवसाचा राग झाला! प्रश्न विचारणाऱ्या मुलाने हा धम्म शोधून काढला आणि त्याच धम्मात आपण आपल्या मुलांना प्रश्न विचारू देत नाही, ही केवढी विसंगती! अर्थ न सांगता म्हणून घेतलेल्या प्रतिज्ञा म्हणजे सिगालाचा दिशांना केलेला नमस्कार होय.

उत्तर लगेच आले नाही, तर त्यात कमीपणा नाही. ‘मला चार दिवस दे, मी वाचतो, विचारतो,’ असे मुलाला सांगावे. मात्र जे सांगावे ते खरे सांगावे. राहुल लहान असता भगवंतांनी त्याला खोट्याविषयी उपदेश केला, तो छडीने नव्हे. पात्रात उरलेले थोडेसे पाणी दाखवून, ते ओतून, मग पात्र पालथे घालून त्यांनी सांगितले की, जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणपण असेच रिकामे असते. थट्टेतही खोटे बोलू नये. सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखात ज्या सुत्तांची शिफारस केली, त्यांत हा राहुलोवाद आहे. जो बाप दारू पिऊन घरी येतो आणि मुलाला पंचशील पाठ करावयास सांगतो, त्याचे पात्र मुलाने पाहिलेले असते.

शेवटी एक विनंती. येत्या सुट्टीच्या दिवशी प्रत्येक बापाने आपल्या मुलाला घेऊन बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत जावे. शंभराहून अधिक गुंफांचा तो आपला वारसा लोकलच्या भाड्याइतक्या अंतरावर आहे. तेथे एखाद्या दगडी बाकावर बसून बापाने आपल्या बापाची गोष्ट मुलाला सांगावी : गाव का सोडले, मुंबईत पहिल्या रात्री कुठे निजलो, दीक्षा का घेतली, कुठे चुकलो. मग मुलाला म्हणावे, ‘आता तू विचार.’ घर, पैसा, जमीन आपल्यापैकी किती जण देऊ शकतील कोण जाणे. हा वारसा मात्र सर्वांना देता येईल. 1913 साली रामजी गेले, तेव्हा भीमराव अवघे एकवीस वर्षांचे होते. बापलेकांना एकमेकांशी बोलावयास मिळणारा काळ फार थोडा असतो. तो दवडू नका, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!