भाड्याच्या पुस्तकांवर ग्रंथालय उभे राहत नाही



ग्रंथपाल आणि वाचकांच्या या मेळाव्यात सकाळच्या सत्रात दोन पक्ष पडले आणि दोघांनीही टाळ्या घेतल्या. एक पक्ष म्हणाला, सगळे काही मोबाइलवर आले, आता चार कपाटे आणि एक टेबल सांभाळत बसण्यात अर्थ नाही. दुसरा म्हणाला, छापील पुस्तकाची सर कशालाच यायची नाही, पडद्यावरचे वाचणे हे वाचणेच नव्हे. अशा वेळी अध्यक्षाने दोघांच्याही पाठीवरून हात फिरवावा आणि समन्वयाचे चार शब्द बोलून आटोपते घ्यावे अशी आपली रीत आहे. ती मी आज मोडणार आहे. दोन्ही पक्ष नको त्या मुद्द्यावर भांडत आहेत. पुस्तक कागदावर असो की काचेवर, ते ग्रंथालयाच्या मालकीचे आहे का? आणि ते वाचकाच्या हाती देणाऱ्या माणसाला पोटापुरता पगार मिळतो का? सकाळपासून हे कोणी विचारले नाही, म्हणून मी विचारते.

रत्नागिरीला हे विचारण्याचा अधिकार आहे. इथले नगर वाचनालय १८२८ सालचे. पेशवाई बुडाली त्याला तेव्हा दहा वर्षे झाली होती. मराठीतले पहिले वृत्तपत्र 'दर्पण' निघायला अजून चार वर्षे होती, आणि ते काढणारे बाळशास्त्री जांभेकरही कोकणातलेच, पोंभुर्ल्याचे. पुण्याचे नगर वाचन मंदिर आले १८४८ साली, चिपळूणचे वाचन मंदिर १८६४ साली, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय थेट १८९३ साली. रेल्वे नव्हती, तार नव्हती, पुस्तके गलबतातून बंदरावर उतरायची, त्या काळात या गावाने वाचनालय काढले. २०२८ साली त्याला दोनशे वर्षे होतील. तेव्हा हार घालायला पुष्कळ जण येतील. आज आपण काय ठरवतो ते मला महत्त्वाचे वाटते.

जुन्या वाचनालयाची दाखल नोंदवही कधी तरी उघडून पाहा. लांबट पान, उभे रकाने. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, पृष्ठे, किंमत, कोणाकडून घेतले, आणि अगदी शेवटी शेरा. त्या शेऱ्यात कुठे 'जीर्ण', कुठे 'गहाळ', कुठे 'नोंदीतून कमी'. एकदा त्या वहीत नाव चढले की पुस्तक गावाचे झाले. प्रकाशकाने धंदा बंद केला, सरकार बदलले, लेखक लोकांच्या मनातून उतरला, तरी ते कपाटातून काढून नेण्याची कोणाची ताकद नाही. बाद करायचे तर कार्यकारी मंडळात विषय आणावा लागतो.

आता ई-पुस्तकांचे प्रस्ताव घेऊन येणाऱ्यांचा करारनामा वाचा. सही करण्यापूर्वी वाचा, अशी हात जोडून विनंती आहे. बहुतेक करारांत पुस्तक विकलेलेच नसते, मुदतीपुरती वाचायची परवानगी असते. वर्षाचे शुल्क भरा, ठरलेल्या संख्येइतक्याच वाचकांनी वाचा, आणि पुढच्या वर्षी अनुदान उशिरा आले तर कपाट रिकामे. दहा वर्षे पैसे भरूनही दाखल नोंदवहीत एक ओळ वाढत नाही. हे मी भीती घालायला सांगत नाही, घडलेले सांगते. २००९ साली अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली. लोकांनी रीतसर पैसे देऊन घेतलेली पुस्तके होती ती! २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तके गेली. पैसे परत मिळाले म्हणून समाधान मानणारा ग्राहक असतो. ग्रंथालय ग्राहक नाही, ते राखणदार आहे. त्याच्याकडचे पुस्तक गेले म्हणजे पुढच्या पिढीचे गेले.

हे ऐकून छापील पक्षाने मान डोलावू नये. मी त्यांच्याकडेही वळते. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली हजारो पुस्तके भिजली. त्याआधी २००५च्या पुराने हेच केले होते. ज्यांनी भिजलेले पुस्तक हाताळले आहे त्यांना ठाऊक आहे, पाने एकमेकांना अशी धरतात की सोडवायला गेले तर अक्षरासकट सोलून निघतात. पूर तर एका दिवसाचा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रोजच थोडा पूर असतो: भिंतीला ओल, पुठ्ठ्यावर बुरशी, आत कसर, खालच्या फळीला वाळवी. डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा पाला यांच्या भरवशावर आपण एकोणिसावे शतक टिकवायला बसलो आहोत. रत्नागिरीत 'सत्यशोधक' साप्ताहिक निघत होते, 'बळवंत' निघत होते. सावरकर इथे स्थानबद्ध होते ती १९२४ ते १९३७ची तेरा वर्षे, पतितपावन मंदिराचा वाद, सहभोजने, त्यांच्या बाजूने आणि विरुद्ध उठलेले रान, हे समजून घ्यायचे तर या गावची साप्ताहिके चाळावी लागतात. त्यांचे जे अंक कुठे कुठे उरले असतील ते घडीवर तुटत आहेत. कागदावरचे प्रेम एवढे उतू जात असेल, तर त्या कागदाची प्रत काढून ठेवायला आपण इतकी वर्षे का थांबलो?

कायदा आडवा येतो, असे कोणी तरी सकाळी म्हणाले. येत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. कलम ५२ने सार्वजनिक, बिगरव्यापारी ग्रंथालयाला स्पष्ट मुभा दिली की जे पुस्तक त्याच्याकडे छापील स्वरूपात आहे, ते जतनासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवून ठेवता येते. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटली की साहित्य सर्वांचेच. मालगुंडचे केशवसुत १९०५ साली गेले, हरिभाऊ आपटे १९१९ साली, पालगडचे साने गुरुजी १९५० साली. त्यांचे साहित्य आपल्या संकेतस्थळावर ठेवायला कोणाच्या दारात जायचे कारण नाही. सावरकर १९६६ साली गेले, त्यांची मुदत २०२६च्या अखेरीस संपते. अडवतो आहे तो आपला आळस, आणि आपण ज्यांना निवडून देतो त्यांची बेपर्वाई.

मात्र स्कॅन करणे म्हणजे काय, हेही नीट समजून घ्या, कारण त्या नावाखाली पैसे खाल्ले जातात आणि काम वाया जाते. ठेकेदाराला पानामागे दर ठरवून दिला की तो पाने मोजतो, वाचत नाही. मग अशी फाइल हाती येते: पान तिरके, शिवणीकडच्या ओळींची शेवटची दोन-दोन अक्षरे अंधारात, कोपऱ्यात पान धरणाऱ्याचा अंगठा, आणि सत्तेचाळीसनंतर एकदम पन्नास, कारण दोन पाने एकदम उलटली गेली. मूळ प्रत पुढच्या पावसाळ्यात गेली की ती दोन पाने कायमची गेली. शिवाय ही नुसती चित्रे. त्यांत एखादे नाव शोधायचे म्हटले तर सापडत नाही, अंध वाचकाचे यंत्र ती वाचून दाखवू शकत नाही. दृष्टिहीनांना पुस्तके मिळावीत म्हणून झालेला माराकेश करार मंजूर करणारा भारत हा पहिला देश, २०१४ साली. त्या देशातल्या मराठी अंध वाचकाला आपण वाचता न येणारी चित्रे देतो. आपले प्रकाशक वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत पुस्तके जुळवत आले, त्यामुळे अलीकडच्या पुस्तकांच्या फाइलीही युनिकोडमध्ये आणताना काना, मात्रा, रफार विस्कटतात. कोणी तरी मराठी जाणणाऱ्या माणसाने ओळ न् ओळ तपासल्याशिवाय मराठीचे ई-ग्रंथालय होणार नाही. भाषेला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. आता या तपासणीला माणसे द्या.

माणूस म्हटला की मी खऱ्या दुखण्यावर येते. या मांडवात 'ड' वर्गातल्या, म्हणजे शासनाच्या वर्गवारीत सर्वांत खालच्या, वाचनालयांचे ग्रंथपाल बसले आहेत. त्यांच्या वाचनालयाला २०२२पर्यंत वर्षाचे अनुदान किती होते? तीस हजार रुपये. त्या साली साठ टक्के वाढ झाली, त्याच्या मोठ्या बातम्या आल्या, आणि आकडा अठ्ठेचाळीस हजार झाला. त्यातली निम्मी रक्कम वेतनाची. हिशेब करा: वर्षाला चोवीस हजार, महिन्याला दोन हजार. वाढ झाल्यावर दोन हजार! एवढ्या पैशांत ग्रंथपाल बाईने वाचनालय उघडायचे, झाडायचे, वर्तमानपत्रे लावायची, देवघेव करायची, वर्गणी मागायची, तपासणीला कागद तयार ठेवायचे, आणि आता संगणकावर याद्याही चढवायच्या. ग्रंथालय सेवकांना वेतनश्रेणी द्यावी हे व्यंकप्पा पत्की समितीने केव्हाच सांगून ठेवले आहे. त्याची अंमलबजावणी आपण वर्षानुवर्षे मेळाव्यांतून मागतो आहोत.

आणि पैसा नाही, असे मला कोणी सांगू नये. केंद्र सरकारने २०२४च्या नोव्हेंबरात 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये. विद्यापीठांतल्या मुलांना ती मिळावीत याबद्दल मला आनंद आहे. पण ती आहेत सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि संशोधन संस्था यांच्यासाठी. पदवी घेऊन गावी परतलेला, वाचनालयाच्या टेबलाशी बसून अभ्यास करणारा मुलगा त्यात नाही. आंब्यावरच्या फुलकिड्यांचे ताजे संशोधन वाचू पाहणारा देवगड-रत्नागिरीचा बागायतदार त्यात नाही. प्रकाशकांना द्यायला सहा हजार कोटी निघतात, तर सार्वजनिक ग्रंथालयाचे दार त्या योजनेला जोडायला हरकत काय?

शेजारी पाहा. कर्नाटकाने १९६५च्या कायद्याने घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसवला, आणि २०२० साली सार्वजनिक ग्रंथालयांची डिजिटल सेवा राज्यभर फुकट खुली केली. आपला कायदा १९६७चा. त्यात उपकर नाही, आहे ते अनुदान, म्हणजे दरवर्षी सरकारच्या मर्जीवर हात पसरणे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डन यांना बोलावून बडोदा संस्थानात गावोगाव ग्रंथालये उभी केली, खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. एका मराठी संस्थानिकाला ग्रंथालय हे राज्याचे काम आहे हे कळले होते, त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे म्हटले तर तो अन्याय होईल. मराठी विश्वकोशाचे खंड आज कोणालाही संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकेही उतरवून घेता येतात. मुंबईत नोकरीला असलेला चाकरमानी लोकलमध्ये ती वाचतो, अक्षर मोठे करून आजी वाचते. ही मालकी लोकांची, म्हणून ती टिकली. मला हवे आहे ते हेच, जिल्ह्याच्या पातळीवर.

म्हणून अध्यक्षपदावरून मी ठराव मांडते. रत्नागिरी जिल्ह्यात शासनाच्या किंवा लोकवर्गणीच्या पैशांतून जे ई-साहित्य घेतले जाईल, त्याची प्रत करार संपल्यावरही ग्रंथालयाकडे राहील, अशीच अट मान्य केली जावी. तशी अट नसलेल्या करारावर कोणत्याही वाचनालयाने सही करू नये. जिल्ह्यातल्या जुन्या वृत्तपत्रांची आणि दुर्मीळ पुस्तकांची एकत्र यादी करून त्यांचे शोधता येण्याजोगे युनिकोड रूप २०२८पूर्वी लोकांसाठी खुले करावे, आणि त्या कामाला मराठी जाणणारे, पगारी तपासनीस नेमावेत. संगणक, टॅब, ई-वाचनकक्ष यांपैकी काहीही वाचनालयाला देताना ते चालवणाऱ्या ग्रंथपालाच्या किमान वेतनाची तरतूद त्याच आदेशात असावी. नसेल तर ते सामान आपण उतरवून घेणार नाही. फीत कापायला येणाऱ्यांना हे आधी कळवावे, ऐनवेळी त्यांची गैरसोय नको.

या शेवटच्या कलमाला कार्यकारी मंडळातल्या दोघांचा विरोध आहे, हे मला माहीत आहे. मिळते आहे ते घ्यावे, मग भांडावे, असे त्यांचे म्हणणे. ते त्यांनी इथे येऊन मांडावे, मी माइक मोकळा करते. त्यानंतर सूचक आणि अनुमोदकांनी उभे राहावे. मतदान हात वर करून होईल, आणि विरोधातले हातही इतिवृत्तात मोजून लिहिले जातील.