बटण दाबताना खातेवही आठवली

(चांदवड तालुक्यातील एका शेतकरी भगिनीने जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



मला बोलायची सवय नाही. आजवर मागच्या सतरंजीवर बसून ऐकत आले. पण मागच्या बैठकीत कोणीतरी म्हणाले, "शेतकऱ्याच्या मताला किंमतच नाही." ते वाक्य घरी गेल्यावरही डोक्यातून जाईना. म्हणून माझ्या एका मताची गोष्ट सांगायला उभी राहिले आहे.

तारीख 20 मे 2024. लोकसभेचे मतदान. आमचा चांदवड तालुका दिंडोरी मतदारसंघात येतो. ऊन तापायच्या आत उरकावे म्हणून सकाळी सातलाच शाळेत गेले. बायकांची रांग वेगळी. पुढे जाऊबाई, मागे सासूबाई. धाकटे भाऊजी गावच्या राजकारणात असतात. त्यांनी आदल्या रात्री जेवताना सांगून ठेवले होते, "घरची सहा मते आहेत. एकही फुटता कामा नये."

हे दर निवडणुकीला होते. माझ्या लग्नाला तेव्हा तेवीस वर्षे झाली होती. तेवढ्या वर्षांत मी मत दिले ते कधी सोयऱ्याच्या सोयऱ्याला, कधी देवळापुढे सभामंडप बांधून देणाऱ्याला, कधी नुसते भाऊजींच्या शब्दाला. कांद्याचा विचार करून मत दिले, असे एकदाही झाले नाही. आणि घर तर कांद्यावर चालते!

रांगेत उभी असताना मला डिसेंबर आठवला. 8 डिसेंबर 2023 ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. त्याआधी ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यात कर बसवला होता, ऑक्टोबरमध्ये टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य लावले होते. तेवढ्याने भागले नाही, म्हणून दारच लावून घेतले. लिलाव बंद पडले. आमचा लाल कांदा काढून पडला होता. उन्हाळ कांदा चाळीत ठेवता येतो, लाल कांदा थांबत नाही. लिलाव सुरू झाले तसा तो न्यावाच लागला. बंदीच्या आदल्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या ट्रॉलीला क्विंटलला साडेतीन हजार मिळाले होते. माझ्या ट्रॉलीला सतराशे. कांदा तोच, माती तीच, पाणी एकाच कालव्याचे. वीस क्विंटलचे 36 हजार रुपये एका कागदाने गेले.

36 हजार म्हणजे काय ते सांगते. थोरल्या मुलीची नर्सिंगची फी भरायची होती. ती भरली. मग मार्चअखेर सोसायटीचा हप्ता थकला. थकबाकीदार झाल्यावर नवे पीककर्ज नाही. खरिपाच्या बियाण्यासाठी सासूबाईंच्या पाटल्या गहाण ठेवल्या. त्या माझ्या मागे रांगेत उभ्या होत्या, हात मोकळे होते. मी एकदा मागे वळून पाहिले. पुन्हा पाहवले नाही.

ही बंदी 31 मार्च 2024 पर्यंत आहे, असे सांगितले होते. मार्चमध्येच ती पुढील आदेशापर्यंत वाढवली. मग 4 मे ला उठवली. आमच्या मतदानाला सोळा दिवस राहिले होते! उठवली म्हणजे कशी? टनाला 550 डॉलर किमान मूल्य, वर 40 टक्के कर. बेरीज करा. 770 डॉलर. दार उघडले आणि उंबरा छातीएवढा केला.

तेव्हा माझ्या मनात आले, सरकार असे का करते? सरकारला शेतकरी दिसत नाही असे नाही. सरकार मते मोजते. 1980 च्या लोकसभा निवडणुकीत कांद्याच्या महागाईचा प्रचार झाला. 1998 मध्ये दिल्लीत कांदा महागला आणि तिथले राज्य सरकार निवडणुकीत गेले. दिल्लीच्या त्या बाईवर माझा राग नाही. तिने आपल्या भाजीच्या पिशवीचा हिशेब केला आणि हिशेबाने मत दिले. म्हणून आजही कांदा चार पैसे वर गेला की दिल्ली जागी होते. मी मात्र भाव पडला की रडले, आणि मत दिले सभामंडपाला. मग माझ्या कांद्याची भीती कोणाला वाटावी?

नाव पुकारले. बोटाला शाई लागली. आत गेले. सर्वात खाली "वरीलपैकी कोणीही नाही" हेही बटण असते. त्यावर बोट गेले होते, खोटे कशाला सांगू? पण त्या बटणाला सर्वांत जास्त मते पडली तरी उमेदवारांत जो पुढे तोच निवडून येतो. माझा राग नोंदला जाईल, हिशेब होणार नाही. मी बोट उचलले आणि जे बटण दाबायचे ते दाबले. चिठ्ठी काचेत सात सेकंद दिसते. ते माझे पहिले मत होते, असे मला वाटले.

बाहेर आल्यावर भाऊजींनी विचारले, "वहिनी, बरोबर झाले ना?" मी म्हटले, "हो भाऊजी, बरोबर झाले." कोणाला दिले ते त्यांना सांगितले नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

निकालानंतर कांद्याने फटका दिला असे सत्तेतल्या पुढाऱ्यांनीच बोलून दाखवले. 13 सप्टेंबर 2024 ला किमान मूल्य काढले, कर 20 टक्क्यांवर आणला. विधानसभा तेव्हा तोंडावर होती. 1 एप्रिल 2025 पासून करही गेला. म्हणजे मताला किंमत नाही हे खरे नाही. ज्या मतामागे हिशेब आहे, त्याला किंमत आहे.

पण फुशारकी नको. कर गेला तरी 2025 मध्ये भाव पडलेलेच राहिले. परदेशातले गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाला लागले की बोलावल्याबरोबर परत येत नाही. माझे 36 हजारही परत आले नाहीत. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत.

म्हणून बहिणींना विशेष सांगते. आपल्या घरी एक वही ठेवा. किती कांदा नेला, काय भाव मिळाला, त्या आठवड्यात सरकारने कोणता हुकूम काढला, एवढे तीन रकाने. उमेदवार मत मागायला ओट्यावर आला की चहा जरूर द्या, आणि वही पुढे ठेवा. विचारा, "या ओळीच्या वेळी तुम्ही कुठे होता?" मग घरातली सहा मते एकाच ठिकाणी जावोत की सहा ठिकाणी, ती ज्याची त्याची असतील.

माझी वही मी सोबत आणली आहे. ज्यांना पाहायची त्यांनी बैठक संपल्यावर पाहावी. एवढे बोलून मी थांबते.